मूळव्याधीच्या नावाखाली

अमेरिकेतील चित्रपट अभिनेते चॅडविक बोझमन यांचे २८ ऑगस्ट २०२० रोजी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे होते. ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटात एका पराक्रमी राजाची भूमिका करून जगभर गाजलेल्या या नटाला २०१६ मध्येच रोगाचे निदान झाले होते आणि त्या वेळी रोग तिसऱ्या अवस्थेत होता. पुढची चार वर्षे शस्त्रक्रिया आणि औषधोपचार सोसत ते काम करीत राहिले. प्रेक्षकांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्यांच्या मृत्यूने एका गोष्टीकडे सर्वसामान्यांचे लक्ष वेधले. ती गोष्ट कर्करोगतज्ज्ञांना त्यापूर्वीच जाणवू लागली होती. मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग हा साठी-सत्तरीचा रोग, ही समजूत आता टिकणारी नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्येच या रोगासाठी करावयाच्या नियमित तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणण्याची शिफारस केली होती. मे २०२१ मध्ये त्या देशातील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या अधिकृत तज्ज्ञमंडळानेही तीच शिफारस केली.

अमेरिकेत घडलेली गोष्ट आपल्याकडे दहा-वीस वर्षांनी येते आणि तिच्याबरोबर तिकडचा उपायही येतो, असा आजवरचा अनुभव आहे. या रोगाच्या बाबतीत मात्र उपायाची आयात करण्यापूर्वी आपली अडचण नेमकी कोठे आहे, हे पाहणे इष्ट ठरेल. ज्यांना काहीच त्रास होत नाही अशा निरोगी माणसांत लपलेला रोग कसा शोधावा, हा अमेरिकेपुढील प्रश्न आहे. आपल्याकडे ज्याला प्रत्यक्ष रक्त पडते आहे, ज्याचे वजन घटते आहे, तो तरुण महिनोन्महिने ‘मूळव्याध’ या नावाखाली न तपासलेला राहतो. हा प्रश्न अधिक जुना आणि अधिक लाजिरवाणा आहे. सुदैवाने त्याचा उपाय फारसा खर्चाचा नाही.

आकडे काय सांगतात?

प्रथम आकड्यांचा विचार करू. कारण या विषयात भीती आणि बेफिकिरी या दोहोंचे मूळ आकड्यांच्या अपुऱ्या आकलनात आहे. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात डिसेंबर २०२४ मध्ये ५० देशांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २७ देशांत २५ ते ४९ या वयोगटात या रोगाचे प्रमाण वाढत असल्याचे दिसून आले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, दक्षिण कोरिया या देशांत या वयाच्या दर लाख माणसांमागे वर्षाला साधारण १४ ते १७ नवे रुग्ण आढळतात. भारताचा आकडा साडेतीन असून, तो या सर्व देशांत सर्वांत कमी होता. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे.

परंतु या आकड्याला दुसरी बाजू आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे असते. यावरून भारतीय तरुणाला हा रोग गोऱ्या तरुणापेक्षा अधिक होतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आपली लोकसंख्याच तरुण आहे. म्हातारी माणसे कमी असली की रुग्णांतही म्हातारे कमी दिसणार, हा साधा हिशेब आहे. तथापि डॉक्टरच्या दृष्टीने या हिशेबाचा अर्थ महत्त्वाचा आहे. या रोगाचा रुग्ण म्हातारा असेल, असे गृहीत धरून बसलेल्या भारतीय डॉक्टरकडून पाश्चात्त्य डॉक्टरपेक्षा अधिक वेळा चूक होण्याचा संभव आहे. शिवाय देशात २५ ते ४९ या वयाची माणसे ५० कोटींच्या घरात आहेत. लाखामागे साडेतीन या दराने ढोबळ हिशेब केला, तरी दर वर्षी सतरा हजारांच्या आसपास नवे तरुण रुग्ण होतात. घरात मुले लहान, आईवडील थकलेले आणि कमावणारे माणूस एकच, अशी ही वये असतात.

दहा वर्षांची सवड

हा रोग एका रात्रीत होत नाही. मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावर प्रथम एक लहानसा कोंब उगवतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुसंख्य पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींच्या पेशींत मात्र एकामागून एक जनुकीय बिघाड साठत जातात आणि शेवटी त्यांचा कर्करोग होतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बर्ट व्होगलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या पायऱ्या जनुकांच्या भाषेत उलगडून दाखवल्या. या प्रवासाला सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. या अवधीत दुर्बिणीने पॉलिप दिसला, तर तो त्याच वेळी काढून टाकता येतो आणि होऊ घातलेला कर्करोग टळतो. फारच थोड्या कर्करोगांनी माणसाला एवढी सवड दिली आहे.

पुढेही वेळेचे महत्त्व तितकेच आहे. रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला, तर अमेरिकेतील आकड्यांप्रमाणे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. यकृतात वा फुप्फुसात पसरल्यावर सापडला, तर हे प्रमाण सहा-सातांत एक इतके खाली येते. उपचारांत गेल्या तीस वर्षांत पुष्कळ सुधारणा झाली, पण उशिराची भरपाई करू शकेल असे औषध अद्याप कोणाच्या हाती आलेले नाही.

कारणांचा शोध

तरुण पिढीतच हा रोग का वाढावा, याचे निर्विवाद उत्तर मिळालेले नाही. अमेरिकेतील १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांशी तुलना करता १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका चौपट आहे, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आनुवंशिकता चाळीस वर्षांत बदलत नाही. म्हणजे बदलले ते राहणीमान आणि परिसर. युगांडात अनेक वर्षे काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्येच आहारातील चोथ्याकडे लक्ष वेधले होते. कोंड्यासकट धान्य खाणाऱ्या आफ्रिकी माणसांत हा रोग विरळा दिसतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यानंतर स्थूलता, बैठे जीवन, मद्य, तंबाखू आणि प्रक्रिया केलेले मांस यांचा संबंध पुढे आला. अमेरिकी परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला दोन किंवा अधिक साखरयुक्त पेये घेणाऱ्या स्त्रियांत पन्नाशीपूर्वीच्या रोगाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

अगदी अलीकडे, एप्रिल २०२५ मध्ये, ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने वेगळीच दिशा दाखवली. अकरा देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास केल्यावर असे आढळले की, आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूच्या काही जाती तयार करतात त्या ‘कोलिबॅक्टिन’ नावाच्या विषाच्या खुणा चाळिशीच्या आतील रुग्णांत सत्तरीपुढील रुग्णांपेक्षा ३.३ पट अधिक आहेत. या खुणा बहुधा बालपणीच उमटत असाव्यात, असे संशोधकांचे अनुमान आहे. त्या अकरा देशांत भारत नव्हता. म्हणून हे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

कारणांची ही चर्चा आवश्यक असली, तरी तिचा एक दुरुपयोग होऊ लागला आहे. कोणी तरुण आजारी पडला की त्याने काय खाल्ले, काय प्याले, याची चौकशी सुरू होते. सडपातळ, शाकाहारी आणि निर्व्यसनी माणसांनाही हा रोग होतो. राहणीमानातील दोष धोका वाढवतात, पण एखाद्या विशिष्ट माणसाला रोग कशाने झाला, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून काही साधत नाही. उलट, आपण शाकाहारी आहोत, आपल्याला कसला धोका, हा भ्रम तेवढा बळावतो.

मूळव्याधीचा शिक्का

तीस-बत्तीस वर्षांच्या एखाद्या शिक्षकाला शौचाच्या वेळी रक्त दिसले, तर आपल्या समाजात पुढे काय घडते, ते सर्वांना ठाऊक आहे. प्रथम तो महिनाभर कोणालाही सांगत नाही. मग पत्नीला किंवा एखाद्या मित्राला सांगतो आणि ‘उष्णता झाली असेल, ताक पी, सुरण खा’ असा सल्ला मिळतो. नंतर औषधांच्या दुकानातून मलम येते. त्यानेही भागले नाही, तर एसटी स्थानकाच्या भिंतीवर किंवा लोकलच्या डब्यात चिकटवलेली ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात आठवते. अखेर तो डॉक्टरकडे जातो. तेथे टेबलासमोरच्या खुर्चीवर बसल्या बसल्या दोन प्रश्न विचारले जातात आणि मूळव्याधीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. तपासणीच्या खाटेवर झोपायला कोणी सांगत नाही. आणि सांगितले नाही, म्हणून रुग्णालाही सुटल्यासारखे वाटते.

तरुण माणसाला रक्त पडले, तर बहुतेक वेळा ती मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीरच असते, हे मान्य केले पाहिजे. पण ती मूळव्याध आहे हे आत पाहिल्यानंतर सांगितले, तर ते निदान ठरते; न पाहता सांगितले, तर तो केवळ अंदाज असतो. शिवाय एकाच माणसाला मूळव्याधही असू शकते आणि तिच्या वर चार बोटांवर गाठही असू शकते. पन्नाशीच्या आतील रुग्णांविषयीच्या ८० हून अधिक अभ्यासांचे एकत्रित परिशीलन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांना शौचावाटे रक्त जाण्याचा त्रास झाला होता, आणि लक्षण दिसू लागल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी चार ते सहा महिने गेले होते.

विशेष म्हणजे ‘आत पाहून मग बोला’ हा आग्रह काही पाश्चात्त्य वैद्यकाकडून उसना घ्यावा लागेल, असे नाही. सुश्रुतसंहितेत अर्शाच्या चिकित्सेचे औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले आहेत आणि गुदाचा आतील भाग दिसावा यासाठी ‘अर्शोयंत्र’ नावाच्या नळीसारख्या उपकरणाचे वर्णन केले आहे. ज्या भूमीत शल्यचिकित्सकाला पाहण्याचे साधन एवढ्या प्राचीन काळी ठाऊक होते, त्या भूमीत आज ॲलोपॅथीच्या पदवीधराने किंवा आयुर्वेदाच्या पदवीधराने न पाहता चिठ्ठी लिहावी, हे दोघांच्याही शास्त्राला सोडून आहे.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत या तपासणीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. आपल्याकडे या रोगाच्या गाठींचा मोठा हिस्सा गुदाशयात आढळतो, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ हातमोजा घातलेल्या बोटालाही लागू शकते. ही तपासणी प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवलेली असते. तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही आणि दोन मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही. ती होत नाही याचे कारण दोन्ही बाजूंचा संकोच आणि दवाखान्यातील गर्दी हे आहे.

स्त्रियांची दुहेरी अडचण

स्त्रियांच्या बाबतीत हा संकोच अधिक घातक ठरतो. पुष्कळ ठिकाणी स्त्री डॉक्टर उपलब्ध नसते. असली तरी ‘त्या जागेचे दुखणे’ बोलून दाखवणे घरातील वळणात बसत नाही. त्यात रक्तक्षयाचा प्रश्न मिसळतो. आतड्याच्या उजव्या भागातील गाठीतून रक्त इतक्या हळूहळू झिरपते की, ते डोळ्यांना दिसत नाही. फक्त हिमोग्लोबिन उतरत जाते, दम लागतो, थकवा येतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. जो विकार निम्म्याहून अधिक स्त्रियांत आहे, त्याचे कारण कोण शोधत बसणार? लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि विषय संपतो. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. मासिक पाळीचे कारण नसताना तरुण पुरुषाच्या शरीरातील लोह कमी झाले, तर ते कोठे जाते, हा प्रश्न तेथे तरी विचारला गेलाच पाहिजे. आणि स्त्रीच्या बाबतीतही गोळ्या नियमित घेऊन हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर कारणाचा शोध पुढे न्यायला हवा.

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक तरुण रुग्णांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये चार लक्षणांवर बोट ठेवले : पोटदुखी, शौचावाटे रक्त, दीर्घकाळचे जुलाब आणि लोहाच्या अभावाने होणारा रक्तक्षय. निदानापूर्वी तीन महिने ते दोन वर्षे या काळात ही लक्षणे दिसू लागली होती. एक लक्षण असेल तर धोका जवळजवळ दुप्पट, आणि तीन किंवा अधिक असतील तर साडेसहा पट, असे त्यांना आढळले. शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, वारंवार आव पडणे, पोट साफ झाल्यासारखे न वाटणे आणि कारणाविना वजन घटणे, या गोष्टीही डॉक्टरच्या कानावर घातल्या पाहिजेत.

घराण्याचा इतिहास

आणखी एक प्रश्न दवाखान्यात क्वचितच विचारला जातो, तो घराण्याविषयीचा. अमेरिकेतील ॲन आर्बर येथे १८९५ मध्ये एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने विकृतिशास्त्राचे प्राध्यापक अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले की, आपल्या घरातील माणसे आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात आणि आपणही तशाच जाणार. ती खरोखरच तरुण वयात गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची हकीगत १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात अशाच घराण्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्याच नावाने आज हा आनुवंशिक दोष ओळखला जातो. आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण तिघांना हा दोष असतो. ज्यांना तो आहे, त्यांनी विशी-पंचविशीपासूनच दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. ज्यांच्या आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला, त्यांनी चाळीसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तपासणीला प्रारंभ करावा. आपल्याकडे मात्र ‘आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढ्यावर घराण्याचा वैद्यकीय इतिहास संपतो, आणि मुलीच्या लग्नाच्या धास्तीने तोही झाकून ठेवला जातो.

आपल्याला झेपेल असे

मग अमेरिकेप्रमाणे आपणही पंचेचाळिशीला सरसकट तपासणी सुरू करावी काय? निदान आज तरी तसे म्हणता येणार नाही. जपानने १९९२ पासून चाळिशीपुढील सर्वांसाठी शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी सुरू केली. पण तेथे रोगाचे प्रमाण आपल्या कितीतरी पट आहे. भारत सरकारने २०१६ मध्ये आखलेल्या कार्यक्रमात तिशीपुढील नागरिकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी ठरवली आहे. आतड्याचा कर्करोग त्यात नाही, आणि प्रमाणाचा विचार करता ते समजण्यासारखे आहे. कोट्यवधी निरोगी माणसांची दुर्बिणीने तपासणी करण्याइतके तज्ज्ञही आपल्याकडे नाहीत. जे थोडे आहेत, त्यांच्यापर्यंत लक्षणे असलेला रुग्ण लवकर पोहोचावा, हे अधिक निकडीचे आहे.

यासाठी नवी योजना किंवा नवा विभाग काढण्याची गरज नाही. शौचावाटे रक्त पडते असे सांगणाऱ्या प्रत्येक रुग्णाची, त्याचे वय काहीही असो, बोटाने आणि शक्य तेथे प्रॉक्टोस्कोपने तपासणी झाल्याशिवाय मूळव्याधीचे औषध लिहू नये, एवढा दंडक प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत घालता येईल. त्याबरोबर हिमोग्लोबिन पाहावे, घराण्याची चौकशी करावी आणि चार ते सहा आठवड्यांत त्रास थांबला नाही, तर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. प्रत्येक तालुक्यात नाही, तरी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कोलोनोस्कोपीची सोय आणि ती करणारा शिकलेला माणूस असावा. ‘खात्रीशीर इलाजा’च्या जाहिरातींवर कायद्याने कारवाई करता येत असताना ती का होत नाही, याचा जाबही विचारला पाहिजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, क्षयरोग आणि कुपोषण यांनी गांजलेल्या देशाने विरळ रोगामागे का लागावे? याचे उत्तर असे की, येथे मागितलेली गोष्ट म्हणजे दोन मिनिटांची तपासणी आहे, आणि रोग मूळव्याधच निघाला तरी ती वाया जात नाही. दुसरा आक्षेप असा की, अशा लेखांनी तरुण घाबरतील. घाबरून डॉक्टरकडे गेलेला तरुण बहुधा निश्चिंत होऊन परत येईल. न घाबरता घरी बसलेल्यांपैकी काही जण मात्र उशिरा येतील.

उपचारांची वेळ आलीच, तर तरुण रुग्णाच्या गरजा वेगळ्या असतात, हेही ध्यानात घ्यावे लागेल. गुदाशयाच्या गाठीवरील किरणोपचारांनी अपत्यप्राप्तीची क्षमता जाऊ शकते. उपचारांपूर्वी वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवता येते, हे ज्याला आधी सांगितले गेले नाही, त्याला नंतर सांगून उपयोग नसतो. काहींना काही महिने, तर काहींना कायमची पोटावर पिशवी बाळगावी लागते. ती लावून माणसे वर्गात शिकवतात, कचेरीत काम करतात, संसार करतात. त्यांना वेगळे टाकणारी कोणतीही वैद्यकीय अडचण नसते. अडचण सहकाऱ्यांच्या आणि सोयऱ्यांच्या वागण्यात असते.

शाळा-महाविद्यालयांत आरोग्यशिक्षण देताना पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढली जाते. त्या आकृतीत मोठे आतडे दाखवून झाल्यावर, तेथून रक्त आले तर लाजू नये आणि घरी व डॉक्टरला सांगावे, हे एक वाक्य शिक्षकांनी जोडले, आणि डॉक्टरांनी समोरच्या रुग्णाला खाटेवर झोपायला सांगण्याची तसदी घेतली, तर दर वर्षीच्या त्या सतरा हजारांपैकी पुष्कळ जण आज येतात त्यापेक्षा एक अवस्था आधी रुग्णालयात पोहोचतील.